साग्रेदोची रिकामी जागा : क्वांटम गुरुत्वाच्या सिद्धांतांची तुलना आणि तुलनेचे मानदंड

१

१९९६ साली 'सोशल टेक्स्ट' या अमेरिकी नियतकालिकाने ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाचा एक लेख छापला. तो लेख विडंबन म्हणून रचलेला होता, हे सोकल यांनी लवकरच जाहीर केले. त्यानंतर मानव्यविद्या आणि विज्ञान यांच्यात झालेला वाद साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्या वादातील एक तपशील मात्र सहसा नजरेआड होतो. सोकल यांच्या लेखाच्या शीर्षकातच क्वांटम गुरुत्वाचा उल्लेख होता. विडंबनासाठी हा विषय सोयीचा होता. त्याचे गणित दुर्गम आहे, प्रयोगाने त्यावर अद्याप निकाल दिलेला नाही आणि अवकाश, काळ, भूमिती यांसारख्या तत्त्वचिंतनाला प्रिय असलेल्या संकल्पनांना तो थेट हात घालतो. जेथे निकाल लागलेला नाही तेथे काहीही बोलले तरी खपते, असा समज असणाऱ्यांसाठी तो सापळा होता आणि त्यात साहित्यविचाराच्या परिसरातील एक प्रतिष्ठित नियतकालिक सापडले.

या पार्श्वभूमीवर तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने क्वांटम गुरुत्वाच्या प्रतिस्पर्धी सिद्धांतांकडे वळावे काय, हा प्रश्न वाजवी आहे. सिद्धांतांच्या सत्यासत्यतेचा निवाडा त्याच्या अधिकारात येत नाही. परंतु या सिद्धांतांची तुलना ज्या ग्रंथांतून, संवादांतून, परीक्षणांतून आणि प्रत्युत्तरांतून झाली, ते सारे लेखन गेल्या तीन दशकांत वाङ्मयीन चिकित्सेला पात्र ठरावे इतके विपुल आणि महत्त्वाचे झाले आहे. ब्रायन ग्रीन, ली स्मोलिन, कार्लो रोवेल्ली, पीटर वॉइट, लिओनार्ड ससकिंड आणि रॉजर पेनरोज हे यांतील प्रमुख लेखक होत. त्यांच्या ग्रंथांत सिद्धांताचे विवेचन असतेच. शिवाय तुलना कोणत्या मापाने व्हावी याविषयीचा आग्रहही असतो. हा आग्रह पुष्कळदा स्पष्ट शब्दांत मांडला जात नाही. तो कथनाच्या आरंभबिंदूत, रूपकांच्या निवडीत आणि प्रतिपक्षाला दिलेल्या जागेत मुरलेला असतो. त्याची उकल करणे हे तौलनिक समीक्षेचे काम आहे.

२

मूळ प्रश्न थोडक्यात असा. आइन्स्टाइन यांच्या १९१५ च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्व म्हणजे अवकाश-कालाची वक्रता. त्यानंतर दहा वर्षांनी आकाराला आलेल्या क्वांटम यामिकीने द्रव्य आणि प्रारण यांच्या वर्णनाची रीतच बदलली. दोन्ही सिद्धांत आपापल्या क्षेत्रात अत्यंत यशस्वी ठरले. परंतु दोन्ही एकाच वेळी लावावे लागतात तेथे, म्हणजे कृष्णविवराच्या गाभ्यात किंवा विश्वाच्या आरंभी, त्यांची सांगड बसत नाही. ही अडचण केवळ आकडेमोडीची नाही, हे मात्व्हेई ब्रॉन्स्टाइन या सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञाने १९३६ मध्ये ओळखले होते. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, स्तालिनच्या राजवटीत त्याला वयाच्या एकतिसाव्या वर्षी मृत्युदंड देण्यात आला आणि त्याचा विचार दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला.

पुढे या एकाच प्रश्नाची दोन वाचने रूढ झाली. कणभौतिकीच्या परंपरेने गुरुत्वाकडे निसर्गातील चार बलांपैकी एक म्हणून पाहिले. इतर तीन बले कणांच्या देवघेवीतून समजतात, तर गुरुत्वही 'ग्रॅव्हिटॉन' या कणाच्या देवघेवीतून समजले पाहिजे, ही तिची अपेक्षा. सापेक्षतेच्या परंपरेने गुरुत्वाला बलांच्या रांगेत बसवलेच नाही. तिच्या दृष्टीने गुरुत्व ही रंगमंचाचीच भूमिती; तेव्हा क्वांटम नियम लावायचे ते त्या भूमितीला. ब्राइस डेविट यांनी १९६७ मध्ये या विषयावर तीन निबंध प्रसिद्ध केले. त्यांतील पहिला एका रीतीने आणि पुढचे दोन दुसऱ्या रीतीने जातात. एकाच लेखकाच्या एकाच लेखमालेत दोन्ही वाटा शेजारी शेजारी होत्या. पुढच्या पिढ्यांत मात्र त्यांची दोन घराणी झाली. त्यांचे विद्यार्थी, परिषदा आणि पाठ्यग्रंथ वेगळे झाले. 'प्रश्न सुटला' असे केव्हा म्हणायचे, याच्या कसोट्याही वेगळ्या झाल्या.

कणभौतिकीच्या वाटेने सरळ जाता येत नाही, हे मार्क गोरॉफ आणि ऑगुस्तो सान्योत्ती यांच्या १९८५-८६ च्या आकडेमोडीने पक्के केले. गुरुत्वाला इतर बलांप्रमाणे वागवले की उत्तरांत अनंत राशी येतात आणि त्या आवरण्याची नेहमीची रीत येथे लागू पडत नाही. या अपयशाचा अर्थ दोन्ही घराण्यांनी आपापल्या परीने लावला. एकाने म्हटले, कण हे बिंदुरूप मानल्याचा हा परिणाम आहे. कणाऐवजी लांबी असलेली वस्तू घ्यावी. दुसऱ्याने म्हटले, अवकाश सलग मानल्याचा हा परिणाम आहे; अवकाशच कणमय असावे. पहिल्या उत्तरातून स्ट्रिंग सिद्धांत आणि दुसऱ्यातून लूप क्वांटम गुरुत्व पुष्ट झाले.

३

दोन्ही सिद्धांतांच्या जन्मकथा त्यांच्या पुरस्कर्त्यांनी वेगवेगळ्या वाङ्मयीन वळणाने सांगितल्या आहेत. स्ट्रिंग सिद्धांताची कथा अनपेक्षित लाभाची आहे. गॅब्रिएले व्हेनेझियानो यांनी १९६८ मध्ये अणुगर्भातील तीव्र बलाच्या संदर्भात एक सूत्र मांडले. त्या सूत्रामागे कंप पावणाऱ्या एकमितीय वस्तू आहेत, हे नंतर लक्षात आले. सिद्धांत तीव्र बलासाठी अपुरा ठरला. शिवाय त्यातून एक नको असलेला वस्तुमानरहित कण निघत होता. १९७४ मध्ये जोएल शर्क आणि जॉन श्वार्ट्झ यांनी, तसेच स्वतंत्रपणे तामियाकी योनेया यांनी, तो कण म्हणजेच ग्रॅव्हिटॉन असे दाखवले. जे वैगुण्य होते ते वैशिष्ट्य ठरले. १९८४ मध्ये मायकेल ग्रीन आणि श्वार्ट्झ यांनी सिद्धांतातील एक गंभीर विसंगती दूर केली आणि या संशोधनाला मोठा ओघ मिळाला. ब्रायन ग्रीन यांचा 'द एलिगंट युनिव्हर्स' (१९९९) हा ग्रंथ ही कथा दोन महान सिद्धांतांतील संघर्ष आणि त्याचे निरसन या नाट्याच्या चौकटीत सांगतो. अशा चौकटीत नायक एकच असतो. त्यामुळे त्या ग्रंथात लूप सिद्धांताला अगदी थोडी जागा मिळावी, हे पक्षपातापेक्षा रचनेचे फलित अधिक आहे.

लूप सिद्धांताची जन्मकथा पुनर्लेखनाची आहे. महाराष्ट्रातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेल्या आणि अमेरिकेत संशोधन करणाऱ्या अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताची मांडणी नव्या चल राशींत केली. आशय तोच राहिला, भाषा बदलली. आणि बदललेल्या भाषेत अनेक दशके अडलेली समीकरणे अधिक सुकर झाली. त्यानंतर टेड जेकबसन, स्मोलिन आणि रोवेल्ली यांच्या कामातून त्या समीकरणांची लूपरूप उत्तरे पुढे आली. १९९० च्या दशकाच्या मध्यास रोवेल्ली आणि स्मोलिन यांनी असा निष्कर्ष मांडला की, या सिद्धांतात क्षेत्रफळ आणि घनफळ ठरावीक तुटक मूल्येच घेतात. रोवेल्ली यांचा इटालियनमध्ये २०१४ साली आलेला आणि इंग्रजीत 'रिअ‍ॅलिटी इज नॉट व्हॉट इट सीम्स' या नावाने अनुवादित झालेला ग्रंथ ही कथा थेट प्राचीन ग्रीसपासून, डेमॉक्रिटसच्या अणुवादापासून सुरू करतो. द्रव्य अणुमय आहे, मग प्रकाश कणमय आहे, आणि आता अवकाशही कणमय आहे, अशी ही चढती मालिका आहे. या आरंभामुळे लूप सिद्धांत अडीच हजार वर्षांच्या परंपरेचा वारस म्हणून वाचकासमोर येतो. कथेचा आरंभ कोठे करायचा, हा निर्णय येथे प्रमाणाचेच काम करतो.

अष्टेकरांच्या नव्या राशी ज्या गणिती घडणीच्या आहेत, ती घडण कणभौतिकीतील बलांच्या वर्णनात आधीपासून वापरात होती. लूप घराण्याचे संस्थापक पाऊल हे अशा रीतीने दुसऱ्या घराण्याच्या भाषेत केलेला अनुवाद आहे. उलट बाजूला, हुआन माल्दासेना यांनी १९९७ मध्ये मांडलेले साम्य पाहावे. एका विशिष्ट अवकाशातील गुरुत्वयुक्त सिद्धांत आणि त्या अवकाशाच्या सीमेवरील गुरुत्वरहित सिद्धांत हे एकाच आशयाच्या दोन भाषा आहेत, असे ते अनुमान होय. या दोन भाषांतील शब्दशः जुळणीला भौतिकशास्त्रज्ञ स्वतःच 'डिक्शनरी' म्हणतात. दोन्ही घराण्यांची मोठी यशे अनुवादातून आली असताना परस्परांच्या अनुवादाविषयी ती उदासीन राहिली, ही या इतिहासातील विसंगती तौलनिक अभ्यासकाला विशेष जाणवावी अशी आहे.

४

हे सिद्धांत मराठीत आणताना रूपकांचा प्रश्न अधिक उघडपणे समोर येतो. इंग्रजीतील 'स्ट्रिंग' हा शब्द दोरा, दोरी आणि वाद्याची तार या साऱ्यांना सामावतो. ग्रीन यांनी त्यातील वाद्याची अर्थच्छटा पूर्णपणे वापरली आहे. एकच तार निरनिराळ्या तऱ्हेने कंप पावते आणि त्यातून निरनिराळे कण 'वाजतात', असे विश्वाचे संगीतमय चित्र ते रेखाटतात. मराठीत मात्र निवड करावी लागते. 'तंतू' म्हटले की विणकाम, कोळ्याचे जाळे, वनस्पतीचा धागा आठवतो. 'तंतुवाद्य' या समासात संगीत आहे, पण सुट्या 'तंतू'त ते ऐकू येत नाही. शिवाय तंतूला ताण असलाच पाहिजे असे नाही. सिद्धांतात मात्र ताण ही मूलभूत राशी आहे. 'तार' म्हटले की ताण आणि कंपन दोन्ही येतात. पण वाद्याची तार दोन टोकांना बांधलेली असते आणि ग्रॅव्हिटॉन ज्या स्ट्रिंगांतून निघतो त्या बंद असतात, त्यांना टोकेच नसतात. म्हणजे संगीताचे रूपक गुरुत्वाच्या मुद्द्यावरच अपुरे पडते. इंग्रजीत झाकून राहिलेली ही त्रुटी मराठी अनुवादकाच्या हातात स्पष्ट होते.

'लूप'चीही तीच गत आहे. 'फास' आणि 'पाश' या शब्दांत बंधनाचा भाव आहे, 'वेटोळे' सापाचे असते, 'वलय' म्हटले की ग्रहाभोवतीचे कडे डोळ्यांपुढे येते. हे सारे शब्द अवकाशात पडलेल्या वस्तूचे चित्र उभे करतात. सिद्धांताचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. लूप अवकाशात नाहीत; त्यांच्या जाळ्यातून अवकाश घडते. अष्टेकर, रोवेल्ली आणि स्मोलिन यांनी १९९२ मध्ये लिहिलेल्या एका निबंधाच्या शीर्षकात हा आशय विणकामाच्या प्रतिमेतून व्यक्त झाला आहे. सलग दिसणारी भूमिती क्वांटम धाग्यांनी विणली जाते, अशी ती प्रतिमा आहे. मराठीत 'तंतू' हा शब्द स्ट्रिंग सिद्धांताला देऊन टाकला, तर लूप सिद्धांताच्या विणकामाला दुसरा शब्द शोधावा लागेल. दोन प्रतिस्पर्धी एकाच शब्दावर हक्क सांगतात, याचा अर्थ रूपकाच्या पातळीवरील भेद सिद्धांताच्या पातळीवरील भेदाइतके स्वच्छ नाहीत. लोकप्रिय ग्रंथांतून तुलना करणाऱ्याने सिद्धांतांऐवजी त्यांच्या रूपकांची तुलना तर केली नाही ना, हे तपासले पाहिजे.

५

प्रत्यक्ष वाद कसा झाला, याचा सर्वांत उद्बोधक नमुना रोवेल्ली यांच्या २००३ च्या संवादात सापडतो. एका मोठ्या अमेरिकी विद्यापीठाच्या उपाहारगृहात कानावर पडलेले संभाषण, अशी त्याची बतावणी आहे. सिम्प हे उच्च-ऊर्जा भौतिकीचे प्राध्यापक आणि साल ही विद्यार्थिदशेतील व्यक्ती. नावे गॅलिलिओच्या १६३२ मधील संवादातून घेतलेली आहेत. तेथे सिंप्लिचियो अरिस्टॉटलच्या परंपरेची बाजू मांडतो आणि साल्व्हियाती कोपर्निकसची. रोवेल्ली यांनी निःपक्षपाताचा दावा सुरुवातीलाच सोडून दिला आहे, हे प्रांजळ आहे. पण नावे ठेवताच निकालही ठरून जातो. स्ट्रिंग सिद्धांताची बाजू घेणारा प्राध्यापक जुन्या मताचा प्रतिनिधी होतो आणि लूप सिद्धांत हे उद्याचे सत्य ठरते. अधिकार प्राध्यापकाकडे आणि युक्तिवाद विद्यार्थ्याकडे, ही विभागणीही त्याच दिशेने काम करते.

गॅलिलिओच्या संवादात तिसरे पात्र आहे. व्हेनिसचा साग्रेदो हा बुद्धिमान, जिज्ञासू, कोणत्याही पीठाशी बांधला न गेलेला गृहस्थ. तो पूर्ण तटस्थ नाही. पुष्कळदा तो साल्व्हियातीकडे झुकतो. तरीही त्याच्या उपस्थितीमुळे दोन्ही पक्षांना आपले म्हणणे घराण्याबाहेरच्या माणसाला समजेल असे मांडावे लागते. रोवेल्ली यांच्या संवादात साग्रेदो नाही. ही उणीव एकट्या रोवेल्ली यांच्यापुरती नाही. या संपूर्ण वादात ती जागा बहुतांशी रिकामी आहे. २००५ मध्ये हेर्मान निकोलाई, कास्पर पीटर्स आणि मारिया झामाक्लार यांनी लूप सिद्धांताचे बाहेरून केलेले परीक्षण प्रसिद्ध केले. त्याला थोमास थीमान यांनी २००६ मध्ये दिलेले उत्तर शीर्षकापासूनच 'आतले' दर्शन म्हणून येते. परीक्षणकर्त्यांचे मुख्य आक्षेप असे : सिद्धांताच्या गतिकीत निवडीची मोकळीक फार आहे, आणि कणमय अवकाशातून आपल्या परिचयाचे सलग अवकाश परत कसे मिळते, हे दाखवलेले नाही. उत्तराचा रोख असा की, काही आक्षेप आतल्या गणिताची पुरेशी दखल न घेता केलेले आहेत. 'बाहेर' आणि 'आत' यांच्यामध्ये उभे राहून दोघांचे ऐकणारा कोण, हा प्रश्न उरतोच.

न्यायदर्शनाने चर्चेचे केलेले वर्गीकरण येथे उपयोगी पडते. तत्त्वनिर्णयासाठी होतो तो वाद. विजयासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न स्थापता केवळ परपक्षाचे खंडन करते ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आज निंदाव्यंजक झाला असला, तरी न्यायाच्या परिभाषेत वितंडा ही चर्चेची एक ओळखता येणारी रीत आहे. वॉइट यांचा 'नॉट इव्हन राँग' (२००६) हा ग्रंथ या पारिभाषिक अर्थाने मुख्यतः वितंडा होय. स्ट्रिंग सिद्धांत पडताळता येण्याजोगे भाकीत करत नाही, हे दाखवण्यावर त्याचा भर आहे. पर्यायी सिद्धांत उभा करणे हे त्याचे प्रयोजन नाही. स्मोलिन यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. 'थ्री रोड्स टु क्वांटम ग्रॅव्हिटी' (२०००) या ग्रंथात त्यांचा सूर वादाचा आहे. क्वांटम सिद्धांताकडून येणारी, सापेक्षतेकडून येणारी आणि दोन्ही नाकारून मूलतत्त्वांपासून निघणारी अशा तीन वाटा पुढे एकत्र येतील, ही त्यांची आशा तेथे दिसते. 'द ट्रबल विथ फिजिक्स' (२००६) मध्ये सूर जल्पाकडे झुकतो. सिद्धांताबरोबरच नेमणुका, अनुदाने आणि प्रतिष्ठा यांची व्यवस्थाही टीकेचा विषय होते. मधल्या काळात स्ट्रिंग सिद्धांताची संभाव्य उत्तरे एकावर ५०० शून्ये इतक्या संख्येची असावीत, असा अंदाज पुढे आला होता आणि ससकिंड यांनी 'द कॉस्मिक लँडस्केप' (२००५) मध्ये त्या विपुलतेचे समर्थन केले होते. एक विश्व समजावून सांगण्यासाठी असंख्य विश्वे मानणे हे यश की अपयश, यावर मतभेद तीव्र झाले. या दोन ग्रंथांना जोसेफ पोल्चिन्स्की यांनी २००७ मध्ये परीक्षणाच्या रूपाने दिलेले उत्तर मात्र प्रतिपक्षाचे मुद्दे एकेक घेऊन त्यांना भिडते. ते स्ट्रिंग घराण्यातून आलेले असूनही वादाच्या आदर्शाशी बरेच जवळीक राखते.

६

तुलना कोणत्या मापाने करायची, हा मुद्दा कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. जेकब बेकेनस्टाइन आणि स्टीफन हॉकिंग यांच्या १९७० च्या दशकातील कामातून असे निष्पन्न झाले की, योग्य एककांत कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या सीमापृष्ठाच्या क्षेत्रफळाच्या एक-चतुर्थांश असते. ही संख्या मुळापासून काढून दाखवणे ही क्वांटम गुरुत्वाच्या कोणत्याही सिद्धांतासाठी कसोटी मानली गेली. अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुमरून वाफा यांनी १९९६ मध्ये स्ट्रिंग सिद्धांतातून ती अचूक काढली; एक-चतुर्थांश हा गुणक आपोआप आला. परंतु ते गणित पाच मितींतील, विशिष्ट सममिती असलेल्या आदर्श कृष्णविवरांचे होते. आकाशात आढळणाऱ्या कृष्णविवरांचे नव्हते. लूप सिद्धांताने त्याच सुमारास सर्वसामान्य कृष्णविवरांसाठी एन्ट्रॉपी क्षेत्रफळाच्या प्रमाणात असल्याचे दाखवले; परंतु गुणक एक-चतुर्थांश येण्यासाठी सिद्धांतातील एका मोकळ्या स्थिरांकाचे मूल्य त्यानुसार ठरवावे लागले. एका पक्षाला अचूकतेचे श्रेय मिळते, दुसऱ्याला व्याप्तीचे. प्रत्येक पक्ष आपल्या श्रेयाला प्रधान आणि दुसऱ्याच्या श्रेयाला गौण मानतो.

टॉमस कून यांनी १९७७ मध्ये ग्रंथरूपात आलेल्या एका निबंधात सिद्धांतनिवडीची पाच मूल्ये सांगितली आहेत : अचूकता, सुसंगती, व्याप्ती, साधेपणा आणि फलक्षमता. ही मूल्ये सर्वांना मान्य असली, तरी त्यांना द्यायचे वजन निरनिराळे असू शकते, हे त्यांचे प्रतिपादन. क्वांटम गुरुत्वाच्या क्षेत्रात त्याचे लख्ख प्रत्यंतर येते. स्ट्रिंग पक्ष सर्व बलांचे एकीकरण या व्याप्तीला सर्वाधिक वजन देतो. लूप पक्षाला ती अपेक्षाच अवाजवी वाटते. गुरुत्वापुरता प्रश्न सोडवणे त्याला पुरेसे आहे. उलट, अवकाश-काल आधीच गृहीत न धरणे, म्हणजे पार्श्वभूमी-निरपेक्षता, ही लूप पक्षाची अट आहे. स्ट्रिंग पक्षाला ती पुढे केव्हातरी साध्य होणारी गोष्ट वाटते. ज्या प्रश्नासाठी आपण निघालो त्याच प्रश्नाच्या मापाने दुसऱ्याचे उत्तर मोजणे, हा या तुलनांचा सर्वसाधारण दोष आहे. फ्रेंच साहित्यकृतीच्या प्रभावाचे माप लावून इतर साहित्ये मोजणाऱ्या जुन्या तौलनिक अभ्यासावर रेने वेलेक यांनी १९५८ मध्ये जो आक्षेप घेतला, तो याच जातीचा होता.

सौंदर्याची कसोटीही याच चौकटीत पाहावी लागते. ग्रीन यांनी ती आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच ठेवली आहे. परंतु स्ट्रिंग पक्षाला सुंदर वाटते ती एका सूत्रातून विविधता निघण्याची रीत; लूप पक्षाला सुंदर वाटते ती कमीत कमी गृहीतकांची शिस्त. शब्द एक आहे, अनुभव दोन आहेत. प्रयोगाच्या अभावी अशा कसोट्यांना किती अधिकार द्यावा, यावर रिचर्ड डाविड यांनी २०१३ च्या ग्रंथात अनुभवबाह्य मूल्यमापनाची सविस्तर मांडणी केली. जॉर्ज एलिस आणि जो सिल्क यांनी २०१४ मध्ये 'नेचर'मधून तिला विरोध केला आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये म्युनिक येथे भौतिकशास्त्रज्ञ आणि तत्त्वज्ञ यांनी एकत्र बसून यावर चर्चा केली. एखाद्या सिद्धांताला पर्याय सापडत नाही, हे डाविड यांच्या मांडणीत त्याच्या बाजूचे एक प्रमाण ठरते. येथे तौलनिक अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न सरळ आहे : पर्याय शोधण्यासाठी किती जणांना वाव मिळाला होता?

७

आतापर्यंतचे विवेचन दोन पक्षांभोवती फिरले, कारण उपलब्ध लेखन त्यांच्याभोवतीच फिरते. ही द्वंद्वरचना स्वतःच तपासण्याजोगी आहे. स्टीव्हन वाइनबर्ग यांनी १९७० च्या दशकात सुचवलेली अनंतस्पर्शी सुरक्षिततेची कल्पना, राफाएल सॉर्किन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये मांडलेले कार्यकारण-संच, यान अँबयॉर्न, येझी युर्किएविच आणि रेनाटे लोल यांचे कार्यकारणनिष्ठ त्रिकोणीकरण या स्वतंत्र वाटा आहेत. पुण्याच्या आयुकात दीर्घकाळ संशोधन केलेल्या थाणू पद्मनाभन (मृत्यू २०२१) यांनी तर गुरुत्व हे मूलभूत नसून उष्मागतिकीप्रमाणे सूक्ष्म घटकांतून उद्भवलेले आहे, असा विचार मांडला. दोन नायकांच्या कथेत या वाटांना दुय्यम पात्रांची भूमिका मिळते.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने मात्र सर्वांत अर्थपूर्ण साम्य याच वाटांवर आढळते. २००५ मध्ये त्रिकोणीकरणाच्या संगणकीय अभ्यासातून असे दिसले की, अतिसूक्ष्म अंतरांवर अवकाश-कालाची परिणामी मिती चारवरून सुमारे दोनवर येते. त्याच वर्षी अनंतस्पर्शी सुरक्षिततेच्या अभ्यासातूनही तोच आकडा आला. गृहीतके निराळी, साधने निराळी, निष्कर्ष मात्र जुळणारा. साहित्यात अशा संपर्काविना आलेल्या साम्याला प्रभाव म्हणत नाहीत. ते प्रकारसाम्य मानले जाते आणि त्याचे कारण दोन्ही कृतींच्या पलीकडे शोधले जाते. येथेही ते साम्य योगायोग आहे की निसर्गाचा काही स्वभाव सुचवते, हे ठरलेले नाही. पण स्पर्धेच्या कथनात अशा साम्याला जागा मिळत नाही. तुलनेच्या कथनात ती मिळू शकते.

८

शेवटी एका धोक्याचा विचार आवश्यक आहे. मानदंड घराण्यानुसार बदलतात, असे म्हटले की त्यापुढे 'मग सारे रुचीचेच' हे विधान सहज येते. सोकल यांच्या विडंबनाने नेमकी हीच घसरण दाखवून दिली. निकाल न लागणे आणि निकाल अशक्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्वांटम गुरुत्वाची स्वाभाविक लांबी अतिसूक्ष्म आहे. मीटरला एकावर ३५ शून्ये असलेल्या संख्येने भागले असता जे येईल, त्याच्या सुमारे दीडपट. थेट तेथे पोचणे आजच्या कोणत्याही यंत्राला शक्य नाही. पण आडवाटा आहेत. १० मे २००९ रोजी फर्मी दुर्बिणीने सुमारे सात अब्ज वर्षे प्रवास करून आलेल्या गॅमा-किरणांची नोंद केली. त्यांतील उच्च ऊर्जेच्या कणाला अपेक्षेबाहेर विलंब झाला नव्हता. त्यामुळे प्रकाशाचा वेग ऊर्जेनुसार बदलतो असे मानणाऱ्या काही प्रतिमानांवर कडक मर्यादा आल्या. जिनिव्हाजवळच्या महाकाय त्वरकात सुपरसिमेट्रीचे कण आजवर सापडलेले नाहीत. स्ट्रिंग सिद्धांत त्याने खोटा ठरत नसला, तरी त्याच्याभोवतीच्या काही अपेक्षा मावळल्या आहेत. २०१७ मध्ये सुगातो बोस आणि सहकाऱ्यांनी, तसेच कियारा मार्लेत्तो आणि व्लात्को व्हेड्रल यांनी, दोन लहान वस्तूंमध्ये केवळ गुरुत्वामुळे क्वांटम गुंतागुंत निर्माण होते काय, हे पाहणारे प्रयोग सुचवले. २०२३ मध्ये जोनाथन ओपनहाइम यांनी गुरुत्वाला क्वांटम रूप द्यायलाच नको, असा पर्याय सविस्तर मांडला. म्हणजे दोन्ही घराण्यांना समान असलेले गृहीतकही आता प्रश्नांकित झाले आहे आणि त्याची कसोटी प्रयोगाच्या टप्प्यात येऊ पाहत आहे.

साहित्यकृतींच्या तुलनेत असा अंतिम निवाडा करणारा तिसरा घटक नसतो. सिद्धांतांच्या तुलनेत तो असतो, जरी तो उशिरा बोलला. हा भेद विसरून केलेली वैज्ञानिक लेखनाची समीक्षा पुन्हा १९९६ च्या सापळ्यात जाईल. तो भेद सांभाळून मात्र समीक्षेला करण्याजोगे काम पुष्कळ आहे. रूपक कोठे आशयाला सोडून जाते, कथेचा आरंभ कोणाच्या सोयीने ठरतो, प्रतिपक्षाचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडले आहे काय, हे तिने विचारावे. शास्त्रीय परंपरेत पूर्वपक्षाची प्रामाणिक मांडणी ही उत्तरपक्षाची पहिली पात्रता होती. येथे विवेचिलेल्या ग्रंथांपैकी फार थोडे या अटीला पूर्णपणे उतरतात. साग्रेदोची रिकामी जागा भौतिकशास्त्रज्ञाने भरावी असे नाही, साहित्याच्या अभ्यासकाने भरावी असेही नाही. त्या जागी जो बसेल त्याला दोन्ही बाजूंची भाषा शिकावी लागेल आणि प्रयोगाचे उत्तर येईपर्यंत आपला कौल राखून ठेवावा लागेल.